नॉइज काढला की चेहरा मेणाचा, ठेवला की वाळूचा

अंबाजोगाईजवळच्या एका वाडीतलं लग्न. दिवसा सगळं झकास पार पडलं, रात्री घरासमोर गोंधळ. उजेड म्हणाल तर मांडवाच्या कोपऱ्यात एक पिवळा हॅलोजन आणि गोंधळ्याच्या हातातली दिवटी. साडेदहाला लाइट गेली, तसा हॅलोजनही गेला. गोंधळी काही थांबले नाहीत, मग मी तरी कशाला थांबतोय. अर्ध्या तासात सत्तर-ऐंशी फोटो काढले. कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर बरे दिसत होते.

पंधरा दिवसांनी अल्बमचं प्रूफ घेऊन गेलो. नवरदेवाच्या आईंनी पान डोळ्याजवळ नेलं आणि म्हणाल्या, “भाऊ, माझ्या लेकराचं तोंड असं मेणावानी कामून दिसायलंय?” खरंच तसं दिसत होतं. नॉइज, म्हणजे कमी उजेडात फोटोवर येणारे दाणे, जावा म्हणून मी लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरात ल्युमिनन्सचा स्लायडर पार सत्तरपर्यंत ओढला होता. परत येऊन तो वीसवर आणला, पुन्हा प्रूफ काढलं. या वेळी वडील म्हणाले, “ह्याच्यावर वाळू सांडली का काय?” तिसऱ्यांदा मधला आकडा धरला. तर चेहरा मेणाचा आणि मागचा अंधार वाळूचा, दोन्ही एकाच फोटोत.

हे दर सीझनला होतं. गोंधळ, हळद, रात्रीची वरात, देवळाच्या गाभाऱ्यातलं दर्शन, जिथं उजेड कमी तिथं एडिटिंगला बसलं की हाच खेळ. आसपासचे चार-पाच फोटोग्राफर त्यांचं एडिटिंग माझ्याकडं देतात, त्यांच्या फाइलींतही हेच. आपण सगळे एका स्लायडरवर हा प्रश्न सोडवू बघतो, आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीही तो बरीच वर्षं एका स्लायडरवरच टांगून ठेवला. काय काय करून पाहिलं, कशानं फरक पडला आणि गाडी कुठं अडते, ते लिहून ठेवतो.

आधी तो नॉइजच आहे का ते बघा

फोटो १०० टक्के झूमवर उघडा. पूर्ण फोटो पडद्यावर मावेल असा ठेवून नॉइजचा निर्णय घेऊ नका. तिथं सॉफ्टवेअर फोटो लहान करून दाखवतं, आणि लहान करताना दाणे एकमेकांत मिसळून जातात. १०० टक्क्यांवर आधी गाल बघा, मग काळा कोट नाहीतर मागचा अंधार.

गालावर चाळलेलं ज्वारीचं पीठ भुरभुरल्यासारखे बारीक करडे दाणे असतील तर तो ल्युमिनन्स नॉइज. काळ्या कोटावर हिरवे-जांभळे ढग असतील, रंगपंचमीचा शर्ट दोनदा धुतल्यावरही राहतात तसे, तर तो कलर नॉइज. दोन्हींचं औषध वेगळं. कलर नॉइज काढणं सोपं, कारण आपल्या डोळ्याला रंगातले बारीक फरक कमी दिसतात आणि उजेड-अंधारातले जास्त. रंग जरा पुसला गेला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. लाइटरूम रॉ फाइलला (कॅमेऱ्याच्या कच्च्या, न दाबलेल्या मूळ फाइलला) कलरचा स्लायडर आपणहून २५ वर ठेवतं आणि ल्युमिनन्सचा शून्यावर, ते याच हिशेबानं. ढग राहिलेच तर कलर ४०-५० पर्यंत न्यायला हरकत नाही. फक्त कुंकवाकडं लक्ष ठेवा, त्याची कड फिकी पडायला लागली की थांबा.

प्रत्येक फोटोत त्याच जागी एक लाल किंवा निळा ठिपका दिसत असेल तर तो हॉट पिक्सेल. तो नॉइजच्या स्लायडरनं सहसा नीट जात नाही, हीलिंग ब्रशनं जातो. गालाच्या कडेला आठ बाय आठचे चौकोनी ठोकळे दिसत असतील तर ती जेपेगची, म्हणजे फाइल लहान करताना झालेली, दाबादाबी. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत हे हमखास असतं. त्याच्यावर नॉइज रिडक्शन लावणं म्हणजे दुखतंय पोट आणि बांधलंय कपाळ. मूळ फाइल मागवा, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

आणि आडवे पट्टे. यात मी स्वतः दोन दिवस घालवलेत. एका हळदीच्या फोटोंत फिकट-गडद पट्टे होते. मी नॉइज समजून घासत बसलो, ते जाईनात. मग कळलं की ती एलईडीची लुकलुक. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधा स्वस्त दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, पण शटर जलद ठेवलं, म्हणजे फोटो अगदी थोड्या वेळात घेतला, की कॅमेऱ्याला कळतं. अशा दिव्याखाली शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की पट्टे बहुतेक वेळा जातात. डेकोरेशनवाल्यांच्या रंगीत पार लाइटचा ठोका मात्र वेगळाच असतो, तिथं दोन-चार फोटो काढूनच बघावं लागतं. ओळखायची खूण अशी: लागोपाठच्या फोटोंत पट्टे जागा बदलत असतील तर दोष दिव्याचा. पट्टे एकाच जागी असतील आणि अंधार ओढून उजळल्यावरच दिसत असतील तर दोष सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाचा.

दाणे येतात कुठून

अंगणात दोन सारख्या वाट्या ठेवा. मृगाचे पहिले थोडेच थेंब पडले तर एकीत नऊ पडतील, दुसरीत चौदा. धो धो पाऊस झाला की दोन्ही सारख्याच भरलेल्या. (आमच्याकडं पाऊस तसाही मोजूनच पडतो, त्यामुळं उदाहरण पटायला वेळ लागत नाही.) सेन्सरवरचे पिक्सेल म्हणजे या वाट्या आणि प्रकाश म्हणजे पाऊस. एका पिक्सेलवर सरासरी १०० प्रकाशकण पडत असतील तर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत १० चा फरक पडतो, म्हणजे १० टक्के. तेच १०,००० पडले तर फरक १०० चा, म्हणजे १ टक्काच. फरक वर्गमुळानं वाढतो. प्रकाश चौपट केला तर दाणा निम्मा दिसतो. कॅमेरा लाखाचा घ्या नाहीतर चार लाखांचा, हा हिशेब कुणाला चुकत नाही. महागाच्या वाट्या जरा मोठ्या असतात, एवढंच.

आता आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळ यावा म्हणून कॅमेऱ्यात वाढवतात तो आकडा. आमच्याकडं जुन्या मंडळींनी शिकवलेलं, आयएसओ १६०० च्या वर न्यायचाच नाही, फोटो फुटतो. मीही वर्षानुवर्षं तेच करत आलो. पण आयएसओ म्हणजे भोंग्याचा आवाज. गाणाऱ्याचा गळा बसलेला असेल तर आवाज वाढवला काय नि कमी केला काय, खरखर तीच. खरा नॉइज येतो कमी प्रकाशानं. त्या रात्री मी १६०० वर काढलेले फोटो दोन स्टॉपनं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंधारे होते आणि ते मी घरी येऊन सॉफ्टवेअरात दोन स्टॉप उचलले. नंतर खोलीत एक पिवळा बल्ब लावून पडताळून बघितलं: तेच शटर, तेच ॲपर्चर (लेन्सचं भोक), एक फोटो १६०० वर काढून दोन स्टॉप उजळलेला आणि एक सरळ ६४०० वर. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात उजळलेल्या फोटोत सावल्या हिरवट झाल्या आणि बारीक रेघा आल्या. ६४०० च्या फोटोत नुसता दाणा होता, रंग शाबूत. नव्या कॅमेऱ्यावर दोन्ही जवळपास सारखे निघाले. म्हणजे आयएसओला घाबरून फायदा कशातच नव्हता. तुमच्या कॅमेऱ्यावर हे एकदा करून बघाच, दहा मिनिटांचं काम आहे.

दिवटीचं दुखणं आणखी वेगळं. सेन्सरवर लाल-हिरव्या-निळ्या काचांची जाळी असते, कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या नावानं ओळखली जाते, पेटंट १९७६ चं. या जाळीत निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल आणि पाव निळे. आधीच निळे पाव, आणि ज्योतीच्या उजेडात निळा रंग जवळजवळ नसतोच. ज्योतीचं तापमान २००० केल्विनच्या आतबाहेर, हॅलोजनचं ३००० च्या आसपास. मग आपण व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल) ‘बरोबर’ करायला जातो, म्हणजे त्या उपाशी निळ्या चॅनलला कित्येक पटींनी ओढतो. त्याच्याबरोबर त्याचा नॉइजही ओढला जातो. गोंधळाच्या फोटोतले ते निळसर-जांभळे ढग तिथून येतात.

याचा उपाय फुकटचा आहे. पिवळेपणा पूर्ण काढू नका. धोतर कागदासारखं पांढरं करायचा हट्ट सोडला, थोडी हळद राहू दिली, की निम्मे ढग तिथंच विरतात. शिवाय आईचा गोंधळ ट्यूबलाइटखाली झाल्यासारखा दिसत नाही. ज्योतीत न्हालेला माणूस पिवळाच दिसायला पाहिजे.

उन्हाळ्याचंही एक सांगतात लोक. आमचा सीझनच एप्रिल-मेचा, पारा चाळिशीच्या वर. सेन्सर तापला की नॉइज वाढतो हे खरं, साधारण सहा ते आठ अंशांमागं त्याच्यात उष्णतेनं आपोआप वाहणारा विजेचा प्रवाह दुप्पट होतो. पण हे दाखवतं लांब एक्स्पोजरमध्ये, तासन् तास चाललेल्या व्हिडिओत. १/६० च्या फोटोतली वाळू उन्हाळ्यावर ढकलू नका.

काढलेला नॉइज परत येतो तो या वाटांनी

हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा भाग, कारण ‘काढला होता हो, परत आला’ ही तक्रार दर आठवड्याला ऐकतो.

पहिला चोर शार्पनिंग. लाइटरूम रॉ फाइलला ४० चं शार्पनिंग आपोआप लावतं आणि मास्किंग ठेवतं शून्यावर. म्हणजे डोळ्याच्या पापणीला जेवढी धार, तेवढीच गालावरच्या दाण्याला. एकीकडून नॉइज रिडक्शन दाणा पुसतंय, दुसरीकडून शार्पनिंग त्याला घासून टोकदार करतंय. ऑल्टची कळ दाबून धरा आणि मास्किंगचा स्लायडर ओढा. पडदा काळा-पांढरा होईल. पांढरं दिसतं तिथंच धार लागते. ७०-८० पर्यंत गेलात की गाल काळा पडतो आणि डोळे, मुंडावळ्या, फेट्याच्या कडा, दागिने एवढंच पांढरं उरतं. तिथं थांबा. ल्युमिनन्सला हातही न लावता माझे निम्मे फोटो एवढ्यावर सुधारले.

दुसरे चोर टेक्स्चर, क्लॅरिटी आणि डिहेझ, फोटोला उठाव देणारे स्लायडर. गोंधळात ऊद-धुपाचा धूर असतो, फोटो धुरकट दिसतो, आपण डिहेझ वाढवतो. धूर जातो आणि वाळू येते. चेहऱ्यावर मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, तिथं हे तिन्ही शून्यावर ठेवा. धूर राहिला तर राहू द्या, धुपाचाच आहे.

तिसरी वाट प्रीसेटची, म्हणजे एका क्लिकवर लागणाऱ्या आयत्या आकड्यांची, आणि ही कुणाच्या ध्यानातच येत नाही. विकतचे, मित्रानं दिलेले, कुठून तरी उतरवलेले ‘वेडिंग’ प्रीसेट असतात. त्यांच्या पोटात शार्पनिंग आणि नॉइजचे आकडेही भरलेले असतात. तुम्ही तासभर बसून नॉइज जमवला, शेवटी रंगासाठी प्रीसेट लावला, की तुमचे आकडे पुसले आणि त्यांचे बसले. प्रीसेट आधी लावा, किंवा त्यातून डिटेलचा भाग काढून नव्यानं सेव्ह करा. याचं जुळं भावंड म्हणजे सिंक, एका फोटोचे आकडे बाकीच्यांना लावणं. ६४०० च्या फोटोवर जमवलेले आकडे सगळ्या लग्नाला सिंक केले की दुपारच्या उन्हातल्या वऱ्हाडाचेही चेहरे मेणाचे. आयएसओप्रमाणे आकडे बदलणारे प्रीसेट लाइटरूममध्ये बनवता येतात: वेगवेगळ्या आयएसओचे दोन-तीन फोटो मनासारखे करायचे, ते सगळे निवडून एकच प्रीसेट बनवायचा. मधल्या आयएसओचे आकडे सॉफ्टवेअर स्वतः काढतं.

चौथी वाट क्रमाची. इथं लोक उलटसुलट सांगतात म्हणून नीट सांगतो. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरात तुम्ही कोणता स्लायडर आधी हलवला यानं निकाल बदलत नाही, ते आपल्या ठरलेल्या क्रमानंच हिशेब करतं. पण तुमची नजर फसते. अंधाऱ्या फोटोवर आधी नॉइज जमवला आणि मग शॅडोज ८० नं उचलल्या, तर झाकलेला नॉइज उघडा पडणारच. म्हणून तिथं उजेड आधी, नॉइज नंतर. फोटोशॉपमध्ये थरांवर थर चढतात, तिथं उलटं: नॉइज सगळ्यात खालच्या थरावर आधी काढायचा, उजळणं-रंगवणं वर. नंतर काढायला गेलात तर दाणा मोठा होऊन बसलेला असतो आणि त्याच्याबरोबर कातडीही निघते.

शेवटची वाट तुमच्या हातून फाइल सुटल्यावरची. एक्स्पोर्ट करताना ग्लॉसी पेपरसाठी हाय शार्पनिंग निवडलेलं असतं, मग अल्बमच्या लॅबमध्ये पुन्हा ‘करेक्शन’ म्हणून एकदा धार लागते. एका लॅबनं माझ्या फाइलीवर हे बिनबोभाट केलं होतं. मी आठ दिवस माझाच पडदा खराब आहे असं समजत होतो. आता फोल्डरच्या नावातच ‘नो करेक्शन’ लिहितो, वरून फोनही करतो.

जेपेगवर काम करणाऱ्यांसाठी एक. जेपेगमध्ये कॅमेऱ्यानं एकदा नॉइज काढलेलाच असतो. त्यावर तुम्ही दुसऱ्यांदा काढलात की मेण ठरलेलं. कॅमेऱ्यातलं हाय आयएसओ नॉइज रिडक्शन ‘लो’वर ठेवा. आणि जमलं तर रॉच काढा. जेपेगच्या एका रंगात २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावली ओढायची वेळ आली की या पायऱ्याच कामाला येतात. ‘कार्ड भरतं’ म्हणणाऱ्यांना माझं सांगणं, दिवसाचं वऱ्हाड जेपेगवर काढा, पण गोंधळ तरी रॉवर.

पैठणीचा काठ

नॉइज रिडक्शन कुठं चुकतं ते समजून घ्यायचं असेल तर नवरीच्या चेहऱ्याकडं नको, पदराकडं बघा. १०० टक्क्यांवर पैठणीचा काठ उघडा. जरीची एक तार पिक्सेल-दोन पिक्सेलांची. एक चमकणारी, शेजारी एक काळपट, पुन्हा चमकणारी. आता सॉफ्टवेअरच्या जागी बसून विचार करा. एकट्या उजळ पिक्सेलशेजारी गडद पिक्सेल, ही नॉइजचीच तर खूण. ते इमानदारीत जरीची तार पुसतं. मोराचा तुरा पिवळ्या डागात जातो, नारळी काठाचे दात बोथट होतात. ज्या घरानं पैठणी घेतलीय त्यांना हे पहिल्या नजरेत दिसतं, कारण त्यांनी पैसे त्या जरीचे मोजलेत.

शेजारचे पिक्सेल बघून गुळगुळीत करणाऱ्या जुन्या पद्धतींना हा फरक कळणं अवघडच. ब्यूआदेस, कोल आणि मोरेल या तिघा संशोधकांनी २००५ मध्ये एक वेगळी वाट काढली: नुसते शेजारी न बघता फोटोत इतरत्र तसाच तुकडा कुठं आहे ते शोधायचं आणि त्यांची सरासरी घ्यायची. काठ म्हणजे तेच तेच पुन्हा पुन्हा, त्यामुळं त्याला ही पद्धत मानवते. डार्कटेबल नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरात ‘डिनॉइज प्रोफाइल्ड’ म्हणून जे आहे त्यात ही पद्धत मिळते. शिवाय तुमच्या कॅमेऱ्याचा कोणत्या आयएसओला किती नॉइज येतो याची मोजलेली माहिती त्यात आधीच भरलेली असते. शिकायला किचकट आहे, मला दोन महिने लागले. पण महिन्याच्या महिन्याला पैसे भरणं ज्यांना परवडत नाही त्यांनी नक्की बघावं.

लाइटरूममध्ये याला मास्कची वाट आहे. पूर्ण फोटोला ल्युमिनन्स १५-२०. मग मागच्या अंधारावर मास्क, तिथं नॉइजचा स्लायडर अधिक ४०. चेहऱ्याच्या त्वचेवर अधिक १०. कपड्यांवर मास्क करून उणे, म्हणजे वर लावलेलंही तिथून कमी होतं. वेळ लागतो, पण जरीची तार जागेवर राहते.

हाच प्रकार अजिंठ्याला झाला होता. लेण्यांत फ्लॅश चालत नाही, उजेड मंद. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा फोटो मी घरी आणून इतका साफ केला की भिंतीचा गिलावा, त्याच्या भेगा, रंगाचे पोपडे सगळं गेलं आणि कॅलेंडरचं चित्र हातात आलं. नॉइज म्हणून मी भिंतच पुसली होती. तो फोटो अजून ठेवलाय, नव्या पोरांना दाखवायला.

एआय डिनॉइज: चांगलं, पण डोळे उघडे ठेवून

लाइटरूम बनवणाऱ्या ॲडोबीनं एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूम आणि कॅमेरा रॉमध्ये एआयवर चालणारं डिनॉइज आणलं. त्याच्या आधीपासून डीएक्सओ कंपनीचं डीपप्राइम होतं. हे रॉ फाइलवर काम करतात, म्हणजे जाळीतले रंग एकमेकांत मिसळून दाणा पसरायच्या आतच तो पकडतात. जुन्या स्लायडरच्या मानानं फरक खरोखरच मोठा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. ॲडोबीचा आकडा आपोआप ५० वर येतो, मी ३० ते ४० च्या पुढं जात नाही. हीलिंग, मास्क वगैरे करायच्या आधीच हे चालवून घ्यायचं, नंतर नाही.

पण लांबच्या लहान चेहऱ्यांकडं बघा. मांडवात मागच्या रांगेत बसलेले पाहुणे, ज्यांचं अख्खं तोंड वीस-पंचवीस पिक्सेलांत आहे. मी वापरतो त्या एआयनं अशा एका आजोबांना नवे दात दिले होते. आजोबांच्या घरच्यांनी फोटोतून बरोबर ओळखलं की हे आजोबा नव्हेत. मांडवातल्या फलकावरच्या बारीक देवनागरीचंही तेच, शिरोरेषा जागेवर आणि खालची अक्षरं कोणत्या लिपीतली ते देवच जाणे. पुसलेलं निदान पुसलेलं दिसतं. हे तर नसलेलं काढून ठेवतं, तेही ठळक.

दुसरी अडचण वेळेची. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकावर एका फोटोला काही मिनिटं जातात. एका लग्नाचे तीन हजार फोटो धरले तर पोरीचं लग्न यायचं. म्हणून मी सगळ्यांवर चालवत नाही. अल्बमसाठी निवडलेल्या फोटोंपैकी अंधारातले तीस-चाळीस, बस. रात्री दहा-दहाचे गट लावतो, कारण लाइट गेली तर माझा यूपीएस पंधरा मिनिटांवर दम धरत नाही.

सगळं झाल्यावर थोडा ग्रेन परत घालायचा, १० ते १५. काढलेला दाणा परत घालायचा हे ऐकायला येडेपणाचं वाटतं. पण कातडीला किंचित खरबरीतपणा आला की मेण जातं. शिवाय सॉफ्टवेअरानं कुठं जास्त पुसलं, कुठं कमी, ते ठिगळ या एकसारख्या दाण्याखाली झाकतं.

सॉफ्टवेअरवाल्यांकडं माझं मागणं

मोबाइल बघा. गुगलनं २०१८ मध्ये पिक्सेल फोनवर नाइट साइट आणलं, तेव्हापासून फोन अंधारात एकामागं एक अनेक फोटो घेऊन, त्यांची जुळणी करून एक फोटो देतो. १६ फोटोंची सरासरी काढली की नॉइज चौथाईवर येतो, वर्गमुळाचाच हिशेब. नवरीचा भाचा पंधरा हजारांच्या फोनवर दीपमाळेचा फोटो काढतो आणि तो माझ्यापेक्षा स्वच्छ येतो, त्याचं कारण हे. स्थिर वस्तूंसाठी आपणही हे करू शकतो: तिवई लावा, १६ फोटो काढा, फोटोशॉपमध्ये एका स्टॅकमध्ये उघडून स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि स्टॅक मोड मीन निवडा. दीपमाळ, सजावट, रुखवत याला उत्तम. पण नाचणारा गोंधळी? मी त्याचेही सेकंदाला आठ या वेगानं फोटो काढलेले असतात. त्या आठांतून हललेला हात सोडून बाकीचं जुळवून एक स्वच्छ फोटो काढून देणं, हे माझ्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरात एका बटणावर पाहिजे. जे खिशातल्या फोनमध्ये मावतं ते टेबलावरच्या डब्यात का नाही?

दुसरं, नॉइज सावलीत जास्त आणि उजेडात कमी असतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. मग स्लायडर एकच का? सावलीला वेगळा, मधल्या भागाला वेगळा द्या. तिसरं, एआयनं जिथं स्वतःच्या मनानं काही रेखाटलं ती जागा लाल रंगानं दाखवायची सोय द्या, म्हणजे आजोबांचे दात मी छापायच्या आधी पकडीन. आणि शेवटचं, छपाईचा आकार विचारून त्या आकाराला नॉइज कसा दिसेल ते दाखवा. पडद्यावर १०० टक्के आणि कागदावर बारा इंच, यांचा मेळ आम्ही अंदाजानं घालतो आणि प्रूफचे पैसे आमचे जातात.

तोवर कॅमेऱ्याकडूनच जेवढं होईल तेवढं करायचं. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स झूम केल्यावर ५.६ वर उघडते, साधी ५० एमएम १.८ वर; आकडा लहान तेवढं भोक मोठं. फरक जवळपास दहापट प्रकाशाचा. एवढा फरक कोणतंही सॉफ्टवेअर देत नाही. गोंधळ सुरू व्हायच्या आधी गोंधळ्यांना विचारून एक छोटा पिवळा एलईडी मांडवाच्या कापडावर उलटा मारून ठेवतो. दिवटी मध्यभागी आली की कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर फसतं आणि चेहरे काळे पडतात, म्हणून मीटर चेहऱ्यावर. ज्योत नुसती पांढरी झाली तर होऊ दे.

त्या फोटोचं काय झालं

मूळ रॉ परत उघडली. व्हाइट बॅलन्स पिवळा राहू दिला. शॅडोज ७० वरून २५ वर आणल्या आणि ब्लॅक्स उलट थोडे खाली दाबले. रात्र होती, मागचा बाभळीचा बांध दिसायची काही गरज नव्हती. मागची निम्मी वाळू त्या काळोखातच गेली. एआय ३५, मास्किंग ८०, चेहऱ्यावर क्लॅरिटी शून्य, काठावर नॉइज उणे, शेवटी ग्रेन १२. अल्बमचं पान छापायच्या आधी फक्त चेहरा आणि पदर एवढा तुकडा आठ बाय बाराच्या कागदावर काढला आणि तो घेऊन गेलो.

मावशींनी, म्हणजे नवरदेवाच्या आईंनी, आधी लेकराचं तोंड बघितलं, मग सुनेच्या पदरावरून बोट फिरवलं. काही बोलल्या नाहीत. आत जाऊन चष्मा घेऊन आल्या, परत बघितलं. मग विचारलं, “ह्याची मोठी फ्रेम करायची म्हणलं तर, भिंतीएवढी?”

माझी फाइल ६००० पिक्सेलांची. छत्तीस इंचांवर ताणली तर इंचाला १६७ पिक्सेल पडतात, दाणा दिसणार. चोवीस इंचांवर २५० पडतात. म्हणलं, “सोळा बाय चोवीस करू मावशी. त्याच्यापेक्षा मोठी नको.”